घट्ट बसलेला ऑइल फिल्टर काढण्यासाठी नेमका कोणता पाना वापरावा?

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे अकरा वर्षे जुनी डिझेल मोटार आहे. निवृत्तीनंतर तिचे इंजिन ऑइल मी स्वतःच बदलू लागलो आणि आजवर त्यात कधी अडचण आली नव्हती. गेल्या वेळी मात्र गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते काम बाहेर करून घेतले, आणि त्याची परतफेड या रविवारी करावी लागत आहे. चेंबरचा नट सहज निघाला, जुने ऑइल परातीत उतरले (ती परात आता स्वयंपाकघरात परत घेतली जाणार नाही, असे मला स्पष्ट सांगण्यात आले आहे), पण फिल्टर तसूभरही हललेला नाही.

आधी हाताने प्रयत्न केला, मग फडके गुंडाळून केला. त्यानंतर घरात असलेला पट्ट्याचा पाना लावला, तर पट्टा तेलकट पत्र्यावरून नुसता घसरत राहिला. संध्याकाळी बाजारातून फिल्टरच्या बुडावर बसणारी टोपी आणली, ती रॅचेटला लावून जोर दिला, तेव्हा टोपी फिरली आणि फिल्टर जागेवरच राहिला. त्याच्या बुडावरचे पैलू मात्र झिजून गोल झाले. आमचे शेजारी म्हणतात की, डब्यातून आरपार डिसमिस ठोकावा आणि त्याच्या मुठीला धरून फिरवावे. मला ते धाडसाचे वाटते. जाणकारांनी योग्य अवजार सुचवावे, ही विनंती.

शेंगाचटणी

आपले शेजारी योग्य तेच सांगत आहेत. मी माझ्या जुन्या जीपचा फिल्टर तीन वेळा याच पद्धतीने काढला आहे. फिल्टर नाही तरी फेकायचाच असतो, मग त्याला भोक पडले म्हणून दुःख कसले करायचे? लांब डिसमिस, एक हातोडा आणि अंगावर जुना सदरा एवढी सामग्री पुरेशी आहे.

भुईकोट

शेंगाचटणी यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे आणि या असहमतीची किंमत मी मोजलेली आहे.

चार वर्षांपूर्वी मीही असाच रविवारी डिसमिस ठोकला होता. फिल्टरचा पत्रा फार पातळ असतो, ही गोष्ट तोपर्यंत मी कधी विचारात घेतली नव्हती. जोर लावताच फिल्टर फिरण्याऐवजी डिसमिसच पत्रा फाडत गेला, जसा डबा उघडायच्या चावीने तुपाचा डबा फाटत जावा तसा. दुसरे भोक पाडले, तेही फाटले. तिसऱ्या भोकानंतर डबा हातात आला, आतला घडीघडीचा कागद आला, पण आट्यांची जाड तबकडी आणि तिच्याखालची रबरी रिंग इंजिनाला तशीच चिकटून राहिली. आता पकडायला काहीच उरले नव्हते. शेवटी छिन्नीची धार तबकडीच्या कडेला तिरपी लावून, हलक्या हातोडीने उलट्या दिशेला टिचक्या मारत मारत ती तबकडी फिरवली. त्यात छिन्नी एकदा निसटली आणि इंजिनाच्या ज्या सपाट पृष्ठभागावर रिंग बसते तेथे ओरखडा उठला. तो ओरखडा घासून काढीपर्यंत प्रत्येक नव्या फिल्टरखालून ऑइल पाझरत राहिले.

यापेक्षाही महत्त्वाचे असे की, डब्याला एकदा भोक पडले की ती मोटार जागेवरून हलत नाही. डिसमिसने काम झाले नाही तर गॅरेजपर्यंत चालवत जाण्याचा मार्गही बंद होतो. माझी जीप त्या वेळी दोन दिवस अंगणात उभी होती, कारण घाईत आणलेला नवा फिल्टरही चुकीचा निघाला. माझ्या इंजिनाच्या दांड्याला पाऊण इंचाचे, इंचाला १६ असे आटे होते आणि दुकानातून मला २० मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा फिल्टर मिळाला होता. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे तो फिल्टर दांड्यावर चढतो, पण ढिला राहतो आणि दाबाखाली निसटू शकतो. तेव्हा आपणाला माझे सांगणे एवढेच की, नवा फिल्टर हातात असल्याशिवाय आणि तो जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय जुन्याला जखम करू नये.

कडक_भाकरी

मे महिन्यातल्या सोलापुरात माणूस खुर्चीला चिकटतो, तिथे फिल्टरची काय कथा! हा सगळा बेचाळीस अंशांचा प्रताप आहे. पुण्याच्या मोटारींचे फिल्टर म्हणे फुंकर मारली तरी निघतात.

निवृत्त_फिटर

मी एकतीस वर्षे अवजड वाहनांच्या कार्यशाळेत काम केले असून या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो.

कडक भाकरी यांचा विनोद आवडला, परंतु दोष उन्हाचा नाही. चालत्या इंजिनातील ऑइल उन्हाळा असो वा हिवाळा, साधारण शंभर अंशांच्या आसपास तापलेले असते, आणि फिल्टरची रबरी रिंग महिनोन्महिने त्याच उष्णतेत शेकत असते. त्यापुढे आपले बेचाळीस अंश फारसे मोजण्यात येत नाहीत. रिंग कडक होऊन इंजिनाच्या अॅल्युमिनियमला धरते, हे खरे कारण आहे, आणि ती किती धरेल हे फिल्टर बसवताना ठरलेले असते. रिंगला ऑइलचा हात न लावता ती कोरडीच बसवली, तर फिरताना ती घासली जाते, मुडपते आणि चिकटते. त्यात भर म्हणून कोणी पाना लावून आवळला असेल, तर पुढच्या माणसाचे हाल ठरलेलेच असतात. धागाकर्त्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

फिल्टर गंजामुळे अडकत नाही, हेही येथे सांगावेसे वाटते. त्याचे आटे आतल्या बाजूला ऑइलमध्येच बुडालेले असतात. त्यामुळे गंज सोडवणारा फवारा मारण्याने आतल्या अडचणीवर काहीही परिणाम होत नाही. उलट बाहेरचा पत्रा अधिक निसरडा होतो आणि पाना आणखी घसरतो. बरेच जण पहिल्यांदा तोच फवारा मारतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता पान्याविषयी. सर्व फिल्टरांना चालणारा एकच उत्तम पाना अस्तित्वात नाही. फिल्टरच्या भोवती जागा कोठे आहे, यावरून पाना निवडावा लागतो. टोपीला फक्त बुडाकडून जागा लागते, परंतु ती नेमक्या मापाची आणि नेमक्या पैलूंची असावी लागते. व्यास जवळपास सारखाच दिसत असला तरी एका टोपीला १४ पैलू असतात आणि दुसरीला १५, आणि दुकानदार पुष्कळदा व्यास पाहूनच टोपी देतो. पट्ट्याच्या आणि साखळीच्या पान्याला बाजूने दांडा फिरवण्यापुरती जागा हवी. तीन नख्यांचा पाना बुडाकडून चढतो, रॅचेटवर चालतो आणि जितका जोर द्यावा तितक्या त्याच्या नख्या डब्याला अधिक आवळतात. त्याला पैलूंची गरज नसते.

तेव्हा धागाकर्त्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात. फिल्टर उभा आहे, आडवा आहे की खाली लटकलेला आहे? त्याच्या बाजूला दांडा फिरेल एवढी जागा आहे का? आणि डबा अजून गोल आहे की चेपला आहे? तोपर्यंत डिसमिसला हात लावू नये.

बाळे_नाका

सोपा उपाय आहे. इंजिन पाच मिनिटे चालू करून गरम करावे, रिंग नरम पडते आणि फिल्टर सुटतो.

चौकस

बाळे नाका यांना नम्रपणे आठवण करून द्यावीशी वाटते की, धागाकर्त्यांचे सगळे ऑइल सध्या परातीत आहे. त्या अवस्थेत इंजिन पाच मिनिटे चालवले, तर पुढचा धागा इंजिन उतरवण्याविषयी काढावा लागेल.

बाळे_नाका

मान्य आहे. परातीचा उल्लेख मी घाईत वाचला नाही. पुढच्या वेळी ऑइल सोडण्यापूर्वी इंजिन कोमट करावे आणि फिल्टर सैल होतो की नाही ते आधी पाहावे, असा माझा सल्ला समजावा.

निवृत्त_फिटर

बाळे नाका यांची ही दुरुस्त सूचना खरोखर मोलाची आहे. फिल्टर आधी सैल करून पाहावा आणि मगच चेंबरचा नट उघडावा. फिल्टर अडलाच, तर ऑइल जागेवर असते आणि मोटार स्वतःच्या चाकांवर गॅरेजला जाऊ शकते.

मागवाला

आमचा यंत्रमागांचा व्यवसाय आहे, त्यामुळे आमच्याकडे मोटारीची अवजारे कमी आणि जुने पट्टे भरपूर असतात. धागाकर्त्यांचा पट्टा घसरला, त्याचे कारण बहुधा तो गुळगुळीत नायलॉनचा असावा. आमच्या मागाच्या मोटरवरून उतरवलेल्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा मी फिल्टरला उलट्या दिशेने दोन वेढे देऊन बांधतो, मोकळ्या टोकात लोखंडी नळी अडकवतो आणि पिळत नेतो. त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला कापडी खरखर असते आणि ती पत्र्याला छान धरते. पट्टा बांधण्यापूर्वी डबा रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने पुसून अगदी कोरडा करावा लागतो, कारण तेलकट पत्र्यावर कोणताही पट्टा हरतो. ज्यांच्याकडे माग नाही त्यांनी पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे करून मध्ये घातली, तरी चालते.

शेंगाचटणी

मागवाला यांच्याकडे डबल चादरीचा माग असेल तर पट्टाही डबल मिळत असावा. बाकी डिसमिसविषयीचे माझे मत मी अद्याप बदललेले नाही.

उसाचा_फड

मी मोहोळ तालुक्यातून लिहितो. आमच्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टरच्या फिल्टरला साखळीच्या पान्याशिवाय दुसरे काही लागत नाही. साखळीचे दात पत्र्यात रुततात, त्यामुळे ती घसरण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त साखळी डब्याच्या मध्यावर न लावता इंजिनाच्या अगदी जवळ, म्हणजे आतली जाड तबकडी जिथे असते तिथे लावावी लागते. मध्यावर लावली की डबा चिपाडासारखा पिळला जातो आणि आटे हलत नाहीत. हे मला आमच्या वडिलांनी शिकवले होते. मी ते एकदा विसरलो आणि पिळलेला डबा घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते काही बोलले नाहीत, त्यांनी नुसते डब्याकडे पाहिले.

रूपाभवानी_परिसर

चर्चा पत्र्याच्या फिल्टरविषयी चालली आहे, तरी माझ्यासारखी एखादी वाचक हे सल्ले आपल्या नव्या मोटारीवर वापरील, या भीतीने लिहीत आहे. पुष्कळ नव्या मोटारींमध्ये पत्र्याचा डबा नसतोच. प्लास्टिकची टोपी असते आणि तिच्या आत फक्त कागदाचा फिल्टर बदलायचा असतो. ती टोपी फेकायची नसते, परत बसवायची असते. तिला साखळी, नख्या किंवा डिसमिस यांपैकी काहीही लावले तर ती तडकते. माझ्या मोटारीची टोपी एका ठिकाणी मोठ्या पकडीने उघडली गेली. त्या वेळी काही दिसले नाही, पण पुढच्या आठवड्यात वाहनतळाच्या फरशीवर काळे डाग दिसू लागले आणि टोपीला केसाएवढी चीर सापडली.

त्यानंतर मी त्या टोपीच्या नेमक्या मापाचा पाना विकत घेतला आणि काम स्वतः शिकले. माझ्या टोपीवर २५ न्यूटन मीटर हा आकडाच कोरलेला आहे, म्हणजे ती किती आवळायची हे तिच्यावरच लिहिलेले आहे. दर वेळी ओ-रिंग नवी घालावी लागते आणि ती तिच्या नेमक्या खाचेतच बसली पाहिजे. चुकून वरच्या खाचेत बसली तर टोपी पूर्ण आवळूनही ऑइल गळते.

निवृत्त_फिटर

ताई, आपण वेळेवर सावध केलेत. उसाचा फड यांनी तबकडीजवळ पकडण्याविषयी जे सांगितले आहे, तेही सर्वांनी ध्यानात ठेवावे. पाना कोणताही असो, पत्र्याच्या फिल्टरचा कणखर भाग तेवढाच आहे.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे आभार. फिटरकाकांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. फिल्टर इंजिनाच्या खालच्या अंगाला लटकलेला आहे, म्हणजे त्याचे तोंड वर आणि बूड जमिनीकडे आहे. एका बाजूला सायलेन्सरचा पाइप आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसरची पट्टी असल्यामुळे बाजूने दांडा जेमतेम दोन बोटे फिरतो. खालून मात्र जागा मोकळी आहे. डबा एका बाजूला थोडा चेपला आहे, आणि तो माझ्याच पट्ट्याच्या पान्याने चेपला, हे कबूल करतो. आणलेल्या टोपीचे पैलू आज सकाळी चष्मा लावून मोजले, तर ते १५ निघाले आणि फिल्टरवरचे जे काही शिल्लक आहेत ते १४ दिसतात.

चौकस

मला एक प्राथमिक शंका आहे आणि ती विचारायला संकोच वाटतो. लटकलेला फिल्टर उघडण्याची दिशा कोणती? मागे एकदा मी वरून हात घालून असाच फिल्टर अर्धा तास फिरवत होतो आणि नंतर कळले की मी तो इमानेइतबारे आवळत होतो.

निवृत्त_फिटर

चौकस, संकोच करू नये, ही चूक सर्वांकडून होते आणि माझ्याकडूनही झालेली आहे. नियम एकच आहे. फिल्टरच्या बुडाकडे तोंड करून पाहावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावे. मोटारीखाली आडवे पडून वर पाहिले तर बूड समोर असते आणि नेहमीचीच उलटी दिशा लागू पडते. वरून वाकून हात घातला तर आपण फिल्टरच्या तोंडाकडून पाहत असतो, म्हणून तीच दिशा आपल्याला सुलट भासते. काम सुरू करण्यापूर्वी डब्यावर खडूने बाण काढून ठेवला, तर डोके थकल्यावरही हात चुकत नाही.

आता जुळेसोलापूरकर, आपणासाठी माझा सल्ला असा आहे. बाजूने जागा नाही, म्हणून पट्टा आणि साखळी बाद झाली. पैलू झिजले, म्हणून टोपीही बाद झाली. खालून जागा मोकळी आहे, तेव्हा आपल्याला तीन नख्यांचा पाना हवा. डबा आधी पुसून कोरडा करावा. नख्या तीन ठिकाणी येतात, तेथे पॉलिश पेपरची पट्टी डब्याभोवती गुंडाळावी. नख्या शक्य तितक्या वर, तबकडीच्या दिशेने चढवाव्यात. लहान डब्यावर त्या बऱ्याच वरपर्यंत पोहोचतात. अर्ध्या इंची रॅचेटला छोटे एक्स्टेन्शन लावून जोर एकदम झटका देऊन न लावता हळूहळू वाढवत न्यावा. डबा चेपेल, त्याची काळजी करू नये. चेपल्यावर नख्यांची पकड वाढतेच. उकळत्या पाण्यातून काढलेले फडके पाच-दहा मिनिटे फिल्टरच्या वरच्या भागाला गुंडाळून ठेवले तर थोडी मदत होते, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये आणि नख्या चढवण्यापूर्वी डबा पुन्हा कोरडा करावा.

आणि मोटार नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नये. घोड्या (मोटारीचे वजन पेलणारे लोखंडी टेकू) लावाव्यात, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत. विटा आणि दगड वापरू नयेत. वीट आधी काही न सांगता फुटते. फिल्टर सुटण्याच्या क्षणी आपण मोटारीला चांगलाच हिसका देत असतो, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

पत्रा_तालीम

माझ्या शंभर सीसीच्या मोटरसायकलला हा फिल्टर मला सापडतच नाही. मी काय काढावे?

निवृत्त_फिटर

आपण निश्चिंत राहावे. त्या वर्गातील पुष्कळ मोटरसायकलींना असा बदलायचा फिल्टर नसतो. ऑइलमधला गाळ बाजूला फेकणारी फिरती वाटी आणि एक जाळी असते, आणि ती दोन्ही क्लचकडचे झाकण उघडून साफ करतात. आपल्याला कोणताही पाना विकत घेण्याची गरज नाही.

शेंगाचटणी

भुईकोट यांचा अनुभव दोनदा वाचला आणि मी माझे विधान काही अटींसह पुन्हा मांडतो. माझी जीप जुनी आहे, तिचा फिल्टर लांब आहे आणि त्याच्या चहूबाजूंनी मोकळी जागा आहे. मी डिसमिस मध्यावर न ठोकता तबकडीपासून दोन बोटे अंतरावर ठोकतो, म्हणून कदाचित तिन्ही वेळा निभावले. धागाकर्त्यांच्या दोन बोटांच्या जागेत मुळात डिसमिसची मूठच फिरणार नाही, हे मी आधी विचारायला हवे होते. तरीही रात्री हमरस्त्यावर, हातात दुसरे काहीही नसताना, डिसमिस हा शेवटचा उपाय म्हणून असू द्यावा.

भुईकोट

शेवटचा उपाय म्हणून मला मान्य आहे. फक्त तो पहिल्या प्रतिसादात येऊ नये.

जुळेसोलापूरकर

फिल्टर निघाला.

तीन नख्यांचा पाना मला दुसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराने आधी पुन्हा टोपीच पुढे केली होती, पण मी यावेळी जुन्या फिल्टरचे छायाचित्र घेऊन गेलो होतो. सांगितल्याप्रमाणे घोड्या लावल्या, गरम फडके गुंडाळले, डबा पुसला, पॉलिश पेपर गुंडाळला आणि नख्या चढवल्या. पहिल्या जोराला डबा कुरकुरत आत गेला आणि मला वाटले, झाले, आता फाटणार. थांबलो, नख्या थोड्या वर सरकवल्या आणि पुन्हा हळूहळू जोर वाढवत नेला. मग एकदम वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज आला आणि रॅचेट सैल पडले. मला क्षणभर काहीतरी मोडले असेच वाटले. पुढचे सगळे आटे दोन बोटांनी फिरवण्यासारखे होते. अडचण पहिल्या पाव फेऱ्याचीच होती.

खरी गंमत त्यानंतर झाली. डबा खाली आल्यावर त्याची रबरी रिंग डब्याला नव्हती. भुईकोट यांच्या प्रतिसादात रिंग इंजिनाला चिकटून राहिल्याचे वाचले नसते, तर मी वर पाहिलेच नसते. बॅटरीचा उजेड टाकला, तर ती काळी रिंग इंजिनाला इतकी सपाट चिकटली होती की ती इंजिनाचाच भाग वाटत होती. लाकडी चमच्याच्या दांड्याने ती सोडवली (चमचाही आता परातीच्या सोबतीला गेला आहे). बोटांत घेऊन वाकवली, तर ती वाकण्याऐवजी मोडली.

निवृत्त_फिटर

उत्तम झाले. जुनी रिंग राहून तिच्यावर नव्या फिल्टरची रिंग बसली असती, तर इंजिन चालू होताच दोन रिंगांमधून ऑइलची पिचकारी उडाली असती आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे झाले असते. असे इंजिन मी कार्यशाळेत उघडलेले आहे. आपण लाकूड वापरलेत, तेही योग्य केले, कारण लोखंडी पात्याने त्या पृष्ठभागावर चरे पडतात. आता तो भाग स्वच्छ फडक्याने पुसावा आणि मधला आट्यांचा दांडा सैल तर झाला नाही ना, हे हाताने पाहावे. कधीकधी तोही फिल्टरबरोबर फिरतो.

जुळेसोलापूरकर

दांडा पक्का आहे. आता नवा फिल्टर किती आवळावा, हे कृपया सांगावे.

उसाचा_फड

आम्ही तरी ट्रॅक्टरला साखळी लावून शेवटचा पाव फेरा देतो. शेतात धक्के बसतात, हाताने आवळलेला फिल्टर सैल होईल अशी भीती वाटते.

निवृत्त_फिटर

उसाचा फड, रागावू नये, पण पुढच्या वेळी साखळी लागते ती याच पाव फेऱ्यामुळे. फिल्टरला धरून ठेवते ती दाबलेल्या रबराची स्प्रिंगसारखी ताकद, आणि ती हाताच्या जोरात पुरेशी मिळते. रिंगला नव्या ऑइलचे बोट फिरवावे, रिंग इंजिनाला टेकेपर्यंत फिल्टर हाताने चढवावा आणि टेकल्यावर पाऊण फेरा द्यावा. काही फिल्टरांच्या डब्यावर याहून वेगळे प्रमाण छापलेले असते, तेव्हा तेच पाळावे. डब्यावर खडूची खूण केली की पाऊण फेरा अंदाजाने द्यावा लागत नाही.

जुळेसोलापूरकर यांचा फिल्टर तोंड वर करून बसतो, म्हणून तो आधी नव्या ऑइलने भरून घेता येईल. डिझेल इंजिनाला टर्बो असेल तर त्याचा फायदा होतो, कारण सुरुवातीचे काही क्षण कोरडे जात नाहीत. इंजिन चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत अॅक्सिलरेटरला पाय लावू नये. मग बंद करून थोडा वेळ थांबावे, खाली वाकून पाझर पाहावा आणि ऑइलची पट्टी पुन्हा तपासावी.

मागवाला

परातीतल्या जळक्या ऑइलचे काय करणार आहात? आमच्या गल्लीत लोक ते सर्रास गटारात ओततात.

रूपाभवानी_परिसर

गटारात अजिबात ओतू नये. वापरलेले ऑइल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. मी ते जुन्या कॅनमध्ये साठवते आणि ज्या गॅरेजकडून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारे लोक ऑइल उचलतात, तेथे नेऊन देते. फिल्टरच्या आतही बरेच ऑइल अडून राहते, म्हणून तो तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवावा.

जुळेसोलापूरकर

नवा फिल्टर पाऊण फेऱ्यावर बसवला, बसवल्याची तारीख आणि किलोमीटर डब्यावर खडूऐवजी रंगाच्या पेनने लिहिले. सकाळी विजापूर रस्त्याने फेरी मारून आलो. खाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता, तो संध्याकाळी पाहिला तेव्हा कोरडा होता. १५ पैलूंची टोपी दुकानदाराने परत घेतली नाही. ती कोणाला उपयोगी पडत असल्यास जुळे सोलापुरात येऊन घेऊन जावी.

उसाचा_फड

टोपी नको, पण तो तीन नख्यांचा पाना शनिवारी मिळेल का? ट्रॅक्टरचे ऑइल बदलायचे आहे आणि मागच्या वेळी शेवटचा पाव फेरा मीच दिलेला आहे.

जुळेसोलापूरकर

पाना कालच आमच्या डिसमिसवाल्या शेजाऱ्यांनी नेला आहे. शनिवारपर्यंत परत मागून ठेवतो.